ब्लेड जिथं अडायचं

तुमचं काम काय, असं कोणी विचारलं की मी आजकाल सरळ सांगते, मी खोटी माणसं बनवते. गेममधला चोर, सिनेमातली जखीण, पोरांच्या पुस्तकातला लोभी सावकार, हे सगळे दिसतील कसे ते कोणालातरी आधी काढून दाखवावं लागतं. ते मी काढते. आधी कॉम्प्युटरमध्ये मुंडकं घडवायचं, मूर्तिकार मातीचं घडवतो तसं, फक्त हाताला माती लागत नाही. मग ते गरगर फिरवून सगळीकडून पाहायचं, उजेड कुठून पाडायचा ते ठरवायचं आणि त्यावर रंग चढवायचा. अर्धं काम घडवण्याचं, अर्धं रंगवण्याचं. इथे पुण्यातले लोक विचारतात, कुठे शिकलात हो? मी म्हणते, क्लास अमरावतीला केला, शिकले अकोल्यात. ते हसतात. त्यांना वाटतं मी काहीतरी गमतीचं बोलले. हसा बापा, आपलं काय जाते.

माझे अब्बा अकोल्यात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, आणि पेरणीच्या आधी गावोगावच्या भिंतींवर बियाण्याच्या जाहिराती. पातूरपासून पार अकोटपर्यंत अब्बांच्या हातची पांढरीशुभ्र बोंडं भिंतींवर फुटलेली असत, मग शेतात काही का होईना. घरी आमची बोली म्हणजे खिचडी. अम्मीशी हिंदी, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि माझ्यावर चिडले की दोन्ही.

मग फ्लेक्स आलं. चार दिवसांची पाटी तासाभरात मिळायला लागली, आणि त्यावर दुकानदाराचा स्वतःचा हसरा फोटो फुकट. आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, फ्लेक्सचं दुकान उघडलं. अब्बांनी त्या बाजूला पाहणंच सोडलं. चहासुद्धा पाठ करून पीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या अब्बांकडे पाहूनच कोणीतरी म्हटलं असेल.

त्यांच्याकडे एकच काम उरलं, आणि नेमकं तेच काम त्या वर्षांत वाढलं. गेलेल्या माणसांचे फोटो. कोणाचा बसच्या पासवरचा, कोणाचा मतदान कार्डावरचा, कोणाचा कुठल्या अर्जाला चिकटवून परत काढलेला, पाठीमागे अजून डिंक. तेवढ्याशा फोटोवरून अब्बा भिंतीवर लावायची मोठी तसबीर रंगवत. फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, बोर्डावर मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेका चौकटीतला माणूस इकडून तिकडे न्यायचा. आमच्यातले काही जण सांगत, पेंटरसाहेब, माणसांचे चेहरे काढू नये. अब्बा 'हौ' म्हणत आणि ब्रश धूत.

गेलेल्या माणसाला अब्बा कोट घालत. जन्मात ज्याच्या अंगाला कोट लागला नाही त्यालाही काळा कोट, पांढरी कॉलर आणि मागे निळं आभाळ. लोकांनाच तसं लागे. घरच्यांना वाटे, निदान भिंतीवर तरी आपला माणूस साहेबावाणी दिसावा. तोंड मिटलेलं, नजर सरळ दारावर. आणि हे काम इतकं यायला लागलं की अब्बांचा हात आपोआप चालायला लागला. भुवई तीच, नाक तेच, कोट तर तोच. एकदा वाळायला ठेवलेल्या तसबिरींची रांग पाहून मी म्हटलं, "अब्बा, हे सगळे सख्खे भाऊ वाटतात." अब्बांनी ब्रश ठेवला आणि शेजारच्या टपरीवर निघून गेले. 

तेव्हा माझा अमरावतीचा थ्रीडीचा क्लास नुकताच संपला होता. रोज सकाळची गाडी आणि संध्याकाळची गाडी, डब्यात पोळीभाजी. इकडून तिकडून सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर जोडला होता, तो दुकानाच्या कोपऱ्यात ठेवला.

"हा टीव्ही कायले आणला वं दुकानात?" अब्बा म्हणाले.

"तुमचे मोर पाहायला," मी म्हटलं.

लोडशेडिंग असायचं तेव्हा तो टीव्ही मुका बसे आणि अब्बा मोठ्या प्रेमाने त्याच्याकडे बघत. ब्रशला लाइट लागत नाही, हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं ते विचारू नका.

मग एका दुपारी एक बाई आली. पातूरकडच्या एका खेड्यातली. वयानं माझ्याएवढीच असेल. बाकड्यावर टेकायच्या आधीच तिने सांगून टाकलं.

"चाचा, आधीच सांगून ठेवते. औषध नाई घेतलं त्याइनं. वीज पडली. तोडलेली शेवंती भिजन म्हणून ताडपत्री टाकाले गेले, अन् वीज पडली."

आमच्याकडे औषध म्हणजे फवारणीचं विष, ते घेणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्या वर्षांत तरणा शेतकरी गेला म्हटलं की लोक कसा गेला ते विचारत नसत, उत्तर हातात धरूनच येत. तिचा नवरा शेवंती-झेंडू पिकवायचा आणि भल्या पहाटे अकोल्याच्या बाजारात आणायचा. म्हणजे मी देवळासमोरून जाताना त्याची फुलं पाहिलेली असणार. तो गेल्यावर गावात चौकशीला माणसं आली, पेपरवाला आला. सगळ्यांनी तेच विचारलं. ती 'वीज' म्हणाली की समोरच्याच्या तोंडावर येई, बरं बरं, सांगायचं नसेल तर राहू दे.

"मले रांगेतला शेतकरी नाई पायजे चाचा," ती वाळत ठेवलेल्या तसबिरींकडे पाहून म्हणाली. "मले तेच पायजेत."

तिने पिशवीतून एक फोटो काढला. कोणाच्यातरी लग्नाचा. पुढे नवरा-नवरी, आणि मागे पंगतीत बादली घेऊन वाढणारा एक माणूस. तोंड वळलेलं, त्याची उजवीच बाजू दिसणारी. एक कान, एक गाल, अर्धं नाक, बस. दुसरा धड फोटोच नव्हता. तिचं आणि त्याचं लग्न सामूहिक विवाहात लागलेलं. त्या फोटोत जोडप्यांची ही गर्दी, त्यात कपाळावर मुंडावळ्या, आणि चेहरा डाळीच्या दाण्याएवढा. मतदान कार्डावर होता तो नुसता काळा डाग.

अब्बांनी फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"एकच बाजू हाय बेटा. दुसरी मी कुठून आणू?"

तिने फोटो परत घ्यायला हातही पुढे केला नाही. आणि मी, जिने तोवर एक टेबल, एक बैलगाडी आणि टक्कल पडलेला एक राक्षस एवढंच बनवलं होतं, ती कोपऱ्यातून म्हणाले, "मी आणते."

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं की बास.

माझ्या भरवशाचं कारण साधं होतं. चेहरा घडवताना कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. तुम्ही अर्धाच चेहरा करायचा, तो आरशासारखी दुसरी बाजू आपोआप करून देतो. इकडे गाल ओढा, तिकडे पण ओढला जातो. क्लासात आम्ही सगळे तसेच चेहरे करायचो. मग मला तर अर्धाच चेहरा पाहिजे होता, आणि अर्धा माझ्यासमोर फोटोत होता. मी चार-आठ दिवस त्याच्यामागे लागले. लाइट गेली की बसून राहायचं, आली की पुन्हा. त्या वाढणाऱ्या माणसाचा गाल, कानाची पाळी, कपाळाचा उतार, जमेल तसं जमवलं. आरसा चालू केला. मुंडकं सरळ समोर वळवलं. माणूस समोर पाहायला लागला.

ते मोठं छापून आणायला समोरच्या फ्लेक्सवाल्याकडेच जावं लागलं. मी गेले. अब्बा पाठ करून उभे राहिले. कॅनव्हासवर राखाडी चेहरा छापून आला तो अब्बांनी पाहिला आणि पहिल्यांदा त्यांना चौकटी आखाव्या लागल्या नाहीत. थेट रंग चढवला. कोट घातला. मागे निळं आभाळ. तसबीर इतकी देखणी झाली की टपरीवरचे लोक बघायला आले.

"तुह्या डब्ब्यात दम हाय," अब्बा म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात अब्बांनी केलेली ही पहिली तारीफ, आणि तीही डब्ब्याची.

ती आली. तसबिरीसमोर उभी राहिली. डोक्यापासून कॉलरपर्यंत नीट पाहिलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून विचारलं, "कोण हाय हे?"

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणाची तसबीर चुकून आपल्याला दाखवली, असंच तिला वाटलं. अब्बांनी सांगितलं तेव्हा ती ओशाळली. "नाई, असंन, असंन. फोटोतच असे दिसत असतीन," असं म्हणत आम्हालाच सावरायला लागली. मला जमीन फाटली तर बरं असं झालं.

"त्याइचं वर्ष आलं आता," ती म्हणाली. "पाहुणे येतीन. पोरगी इचारते, बाबा कसे होते वं? पहिले मी सांगत होती. आता सांगाले जाते अन्…" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले बी पुरे दिसत नाई आता. अंगणातून येतांनी दिसते, चालणं दिसते. चेहऱ्यावर गेलं का निघून जाते. चाचा, मले भेव लागते. मी बी इसरली त मंग ते कुठीच नाई."

तेव्हा मला कळलं की ती भिंतीसाठी आलेली नव्हती. पाहुण्यांसाठीही नाही. तिच्या हातून तो माणूस निसटत चालला होता आणि तिला धरायला काहीतरी पाहिजे होतं.

अब्बांनी तसबीर उचलली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. तिला बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला, आणि मला म्हणाले, "तुहं यंत्र सुरू कर."

तिला मी शेजारी बसवलं. ते राखाडी, बिनकेसांचं मुंडकं फिरवून दाखवलं तर ती दचकली. मी विचारायला लागले. चेहरा गोल की लांब? "चांगला होता." नाक? "नाक होतं." डोळे? "डोळे आपल्यासारखेच." अहो, मी काय करू त्याचं! अल्ला गवाह आहे, माझा पारा चढत चालला होता. नवऱ्याचं नाक सांगता येऊ नये? पण नंतर अम्मीने मला एकदा विचारलं, तुझ्या अब्बांचं नाक कसं आहे, डोळे मिटून सांग. मलाही 'अब्बांसारखं' याच्या पुढे जाता आलं नाही.

बोलता बोलता ती म्हणाली, "एक बार त्याइचा हात मोडला होता. पुऱ्या उन्हाळाभर मीच दाढी करून देत होती."

"करून दाखव बेटा," अब्बा मागून म्हणाले. "कशी करत होती?"

ती लाजली. मग डोळे मिटले. डावा हात हवेत हनुवटीखाली धरला, उजव्या हातात नसलेलं दाढीचं मशीन घेतलं. कानाजवळून खाली, परत कानाजवळून खाली. सावकाश, रोजच्या कामासारखं. गालावरून जबड्याकडे आली आणि हात थांबला.

"इथं ब्लेड अडे," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "लहानपणी बैलावरून पडले होते, तं हाड जरा वर आलेलं. इथं हळू न्या लागे, नाई त रक्त निंघे. अन् हळू नेलं का त्याइले गुदगुल्या होत. मंग हासत. हासले का इकडचंच तोंड वर जाये. मी म्हणो, हासू नका, कापीन."

फोटोत नव्हती ती बाजू हीच. आरशाने तिथे दुसऱ्या गालाची नक्कल चिकटवून ठेवली होती.

मी आरसा बंद केला. तिने सांगितली त्या जागी जबडा थोडा उचलला. "नाई, येवढं नाई. जरासक. हां. त्याच्या खाली खड्डा." खड्डा केला. ओठांचं डावं टोक वर ओढलं. "अजून." ओढलं. गालही मग आपली जागा सोडून सरकला, त्या बाजूचा डोळा थोडा बारीक झाला. अमरावतीच्या सरांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, वाकडं झालं गं, पुन्हा कर. मी वाकडं करतच गेले. ती डोळे मिटून हाताने सांगायची, उघडून स्क्रीनकडे पाहायची, पुन्हा मिटायची. एका क्षणी तिचं सांगणं थांबलं. काय झालं म्हणून मी वळून पाहिलं तर तिने पदर डोक्यावरून घेतला होता, घरचा माणूस दारात आल्यावर घेतात तसा. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

पुन्हा पलीकडच्या दुकानातून छापून आणायचं होतं. या वेळी अब्बा स्वतः रस्ता ओलांडून गेले. फ्लेक्सवाल्याने उठून खुर्ची दिली म्हणे. अब्बा बसले नाहीत, पण 'शुक्रिया' म्हणाले, आणि अब्बांच्या मानाने ते पुष्कळ झालं.

रंगवायच्या आधी त्यांनी तिला विचारून ठेवलं होतं, "काय घालत होते?" पांढरा सदरा आणि खांद्यावर दुपट्टा, तिने सांगितलं होतं, आणि दुपट्ट्याला झेंडूचा पिवळा डाग, जो किती धुतला तरी गेला नाही. अब्बांनी कोट नाही घातला. डाग मात्र मन लावून काढला. आणि एक गोष्ट त्यांनी केली जी मी आजतागायत तशीच करते. जबड्याखाली जिथे सावली होती, तिथे रंग चढवलाच नाही. माझं छापलेलं राखाडी तसंच उघडं ठेवलं. मी म्हटलं, "अब्बा, इथे राहिलं." ते म्हणाले, "ते तुहं हाय. त्यावर मी कायले जाऊ?"

किती शिकले मी त्या एका वाक्यावरून. आजही कामावर नवीन पोरी येतात, घडवलेलं सगळं रंगाखाली बुजवून टाकतात, आणि मी ओरडते, राहू दे गं थोडं. अब्बांनी त्यानंतर एकाही गेलेल्या माणसाला विचारल्याशिवाय कोट घातला नाही. कोणी मागितला तर घालत. पण आधी विचारत, "काय घालत होते?" आणि घरचे सांगायला लागले की थांबतच नसत. आमच्या दुकानाच्या बाकड्यावर लोक रडायचे ते पहिल्यापासून, पण आता मधूनमधून हसायलाही लागले. वाळायला ठेवलेले सख्खे भाऊ हळूहळू वेगळे झाले. अब्बा आता थकलेत, हात कापतो, पण मी काढलेला कोणताही चेहरा फोनवर दाखवला की पहिला प्रश्न अजून तोच, "दोन्ही बाजू सारख्या कायले केल्या?" आणि मी मुकाट्याने परत बसते. त्यांचे उपकार मानायचे म्हटलं तर ते 'हौ' म्हणतील, दुसरं काय. आणि त्या बाईचे मानायला मला तिचा पत्ताही माहीत नाही. ती 'चांगला हाय' म्हणून पहिली तसबीर घेऊन गेली असती, तर मी आयुष्यभर अर्धेच चेहरे केले असते आणि मला कधी कळलंही नसतं. 'कोण हाय हे' असं तिने विचारलं, ही माझ्यावर तिची मोठी मेहेरबानी.

ती तसबीर न्यायला आली त्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध होतं. पातूरची बस गाठायची होती. रंग पुरता वाळला नव्हता. अब्बा तिला समजावून सांगत होते की कडेनंच धर, पुढून काही लागू देऊ नको, घरी गेल्यावर पंख्याखाली ठेव. ती हौ हौ म्हणत होती, पण ऐकत नव्हती. तसबिरीत तो होता. तोंड एका बाजूने वर गेलेलं, हसू आवरत असलेला, कोणीतरी 'कापीन' म्हटल्यासारखा. तिने हात पुढे केला. बोटाची मागची बाजू कानाजवळ ठेवली आणि खाली आणली, हलक्या हाताने, जबड्यापर्यंत. कॅनव्हास सपाट होता. तिथे हाड नव्हतं, काही नव्हतं. तरी बोट तिथं येऊन अडलं. मग जरासं उचलून, हळू, तिने पुढे नेलं.

ओल्या रंगावर तिच्या बोटाची रेघ उमटली. तिचं तिला कळलं आणि ती घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. मी पटकन ब्रश रंगात बुडवला आणि रेघ बुजवायला अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी तो घेतला, तिच्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मग ब्रश डब्यातल्या घासलेटमध्ये नीट धुतला, फडक्याला पुसला आणि ठेवून दिला.